काल चालत होतं का?

घरात काही बंद पडलं की माझी भाची मला हाक मारते, "आत्या, चालत नाहीये!" काय चालत नाही, कधीपासून, त्याआधी बाईसाहेबांनी काय उद्योग केले, काही पत्ता नाही. माझ्या तोंडून आपोआप निघतं, "काल चालत होतं का?" ती कपाळावर हात मारते. तिला वाटतं हे माझं वाक्य. माझं नाही ते, नाखवांचं आहे.

मधुकर नाखवा. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला माणूस. वागळे इस्टेटमध्ये आमची रंगाची कंपनी होती, तिथे ते कॉम्प्युटर खात्यात होते. तेव्हा त्या खात्याला ईडीपी म्हणायचे. कंपनीत कुणाचाही पडदा अडकला की इंटरकॉमवर नाखवांना फोन करायचा, अशी रीत. मदत मागायची कशी, हे आम्हाला त्या माणसाने शिकवलं. बोलणी खाऊन शिकलो, पण शिकलो. आणि त्याच माणसाला शेवटच्या दिवसांत काहीतरी सांगायचं होतं, काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे घरातल्या कुणालाच कळत नव्हतं. मी देव मानत नाही. मानत असते तर या एका गोष्टीवरून त्याच्याशी भांडले असते.

मी कल्याणची, कांबळे. आमच्या चाळीतली कॉम्प्युटरवर नोकरी लागलेली पहिली मुलगी, त्यामुळे नाक जरा वरच होतं. डिस्पॅचमध्ये बसून मालाची चलनं टाइप करायची, एवढंच काम, पण चाळीत सांगताना मी रॉकेट सोडत असल्यासारखी सांगायचे. पहिल्याच आठवड्यात चलन छापता छापता सगळं थांबलं. मी फोन लावला.

"साहेब, कॉम्प्युटर बिघडला."

"नाही बिघडला."

"अहो, मी समोर बसलेय त्याच्या!"

"म्हणून तर तुम्हाला विचारतो. काय दिसतंय?"

"काही नाही."

"पडदा काळा आहे?"

"काळा नाही. काहीतरी लिहिलंय."

"मग काही नाही कसं? वाचा. आहे तसं वाचा, स्वतःच्या मनाचं घालू नका."

मी वाचलं. प्रिंटरमधला कागद संपलाय, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं. फोनमधून नुसतं "हं" ऐकू आलं आणि लाइन कट. शेजारचा पाटकर फिदीफिदी हसला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत मी तरातरा वर गेले, एसीच्या खोलीबाहेर चपला काढल्या आणि आत शिरून म्हटलं, "सरळ सांगता येत नव्हतं का तुम्हाला, कागद घाला म्हणून?"

ते डब्यातलं सुकं बोंबील निवांत खात होते. बुटका, काळासावळा माणूस, केसांना चप्प तेल, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. वर न बघता म्हणाले, "मला काय माहीत कागद संपला ते? मी तिसऱ्या मजल्यावर. डोळे तुमच्याकडे, माझ्याकडे नुसते कान. तुम्ही बघून बोलायचं, मी ऐकून विचार करायचा. तुम्ही गप्प बसलात तर मी आंधळाच ना, बाई?" मग डबा माझ्याकडे सरकवला. "बोंबील खाता?"

खाते म्हटलं. तिथून आमचं जमलं.

फोनवर ऐकताना ते डोळे मिटून घ्यायचे. अगदी गच्च. आणि कुणाच्या टेबलाशी आलेच तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कीबोर्डला हात म्हणून लावायचे नाहीत. त्यांच्या खात्यातलं पोरगेलं इंजिनियर मंडळ यायचं ते तुम्हाला खुर्चीतून उठवून खटाखट काहीतरी करून निघून जायचं. नाखवा तुम्हाला बसवून ठेवायचे. "हात तुमचे, डोळे तुमचे. डोकं दोघांचं वापरू." आणि प्रश्न तीनच. काय करत होता? पडद्यावर नेमकं काय आलं? काल चालत होतं का? चालत होतं म्हटलं की पुढे चौथा यायचा, "मग कालपासून आजपर्यंत काय बदललं?"

'चालत नाही' या शब्दावर तर त्यांचा दातच होता. "घड्याळ चालत नाही, दुकान चालत नाही, म्हातारा चालत नाही. तुमचं काय झालंय ते सांगा." एकदा परचेसमधली नवी मुलगी त्या सरबत्तीने रडायला लागली. मी त्यांना सुनावलं, "अहो, घाबरलीय ती. मदत मागतेय, गुन्हा कबूल करत नाहीये." ते ओशाळले, पण म्हणाले, "घाबरलेल्या माणसालाच विचारायला लागतं हो. त्याला आपणहून सांगता येत नाही." दुपारी तिच्या टेबलावर पुडीत चार लाडू ठेवून गेले. बोलले मात्र काही नाहीत. स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की हा माणूस मुका व्हायचा.

दसऱ्याचा किस्सा तर आमच्या कंपनीत वर्षानुवर्षं सांगितला जायचा. दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्पॅचचा कॉम्प्युटर फ्लॉपीच वाचेना. फाटकाबाहेर ट्रक उभे, दिवाळीचा माल, ड्रायव्हर शिव्या देतायत आणि चलन निघत नाही. नाखवा स्वतः खाली आले. हात पाठीमागे.

"काल चालत होतं?"

"काल सुट्टी. परवा चालत होतं."

"मग परवापासून काय केलं याला?"

"काहीच नाही, साहेब," आम्ही सगळे एका सुरात.

"कुणी हलवलं? पुसलं? पाणी सांडलं?"

"छे! हातच लावला नाही कुणी."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि वाकून पडद्याच्या कडेला चिकटलेली झेंडूची पाकळी बघत म्हणाले, "पूजा कोणी केली?"

गंगाराम शिपाई छाती फुगवून पुढे आला. "मी केली. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला."

"आणि अक्षता?"

"त्या पण वाहिल्या."

"कुठे?"

गंगारामने फ्लॉपी घालायच्या फटीकडे बोट केलं. "देवाला तोंडात नैवेद्य देतात ना, साहेब. मला वाटलं हेच याचं तोंड."

हसता हसता आमची मुरकुंडी वळली. माझ्या पर्समधल्या भुवया कोरायच्या चिमट्याने हळदीचे तांदूळ एकेक करून बाहेर काढले. नाखवा मात्र हसत नव्हते. ट्रक मार्गी लागल्यावर मला म्हणाले, "गंमत बघा कांबळेबाई. खोटं कुणीच बोललं नाही. पूजा म्हणजे काहीतरी करणं, असं कुणाला वाटलंच नाही. चांगल्यासाठी केलेलं माणूस मोजतच नाही. म्हणून नुसतं काय बिघडवलं असं विचारायचं नाही. काय चांगलं केलं, तेही विचारायचं."

हे त्यांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे तेच माझ्या कामी आलं.

बाहेरगावच्या ज्या कंपनीने आम्हाला प्रोग्राम लिहून दिला होता, तिला अडचण कळवायची तर नाखवांचा फॅक्स पानभर जायचा. आम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, त्याऐवजी काय झालं. आमच्या मॅनेजरला लांबण सोसायची नाही. एकदा त्याने तो फॅक्स बाजूला सारून स्वतःच एक ओळ पाठवली. सिस्टीम नॉट वर्किंग, काइंडली डू द नीडफुल. चार दिवसांनी उत्तर आलं, बंद करून पुन्हा चालू करून पाहा. नाखवांनी तो कागद हातात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखच होतं. "त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याला आपण अंधारात उभं केलं आणि म्हटलं, सुई शोध."

मी विचारलं, ही सवय तुम्हाला लागली कुठून? कुठल्या कोर्सात शिकवतात का? तर म्हणाले, बापाकडून. बाप खाडीत होडी घेऊन जायचा. पोरांनी जाळं फाडून आणलं की तो मारायचा नाही, खाली बसायचा आणि विचारायचा, "जाला फाटला ते मना दिसतंय. कुठं फाटला, कशात अरकला, भरतीला का सुकतीला, ते सांग." सुकती म्हणजे ओहोटी. ओहोटीला फाटलं तर खाली दगड, भरतीला फाटलं तर वाहून आलेलं लाकूड. दगड असेल तर उद्या जागा बदलायची. "नुसतं फाटलं म्हणणाऱ्याचं जाळं," नाखवा म्हणाले, "दुसऱ्या दिवशी परत तिथेच फाटतं."

नारळी पौर्णिमेला त्यांनी आम्हा दोघीतिघींना घरी जेवायला बोलावलं होतं. दोन खोल्यांचं बैठं घर, मागच्या खोलीला मोठी खिडकी, आणि खिडकीत खाडीचा एक पट्टा. त्या खिडकीसमोर एक लोखंडी खुर्ची. त्यांच्या पत्नी सुगंधावहिनी, ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, वाढता वाढता म्हणाल्या, "हापिसातून आला का आदी त्या खुर्चीव बसतो, बाय. पानी बघतो. भरती हाय का सुकती, कोनाची होरी आली, कोनाची नाय. मंगच चाय. आदी खारी, मंग बायको!" नाखवा कानापर्यंत लाल झाले. खाडी तोवर काळी पडली होती, मासळीही नावापुरती उरली होती. तरी माणूस रोज बघायचा. कशाला बघता, असं मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. असंच." जगाकडून कण न् कण काढून घेणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल दिलेलं उत्तर हे. असंच!

मग तो दिवस आला. ते फोनवर होते. अकाउंट्समधला कुणीतरी काहीतरी सांगत होता, आणि नाखवा एवढंच म्हणत राहिले, "नाय... नाय... नाय." समोरच्याला वाटलं, साहेब चिडले. त्याने घाबरून फोन ठेवून दिला. वर कुणीतरी जाऊन बघेपर्यंत ते खुर्चीतून घसरले होते आणि रिसीव्हर खाली लोंबत होता.

अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला, तो म्हणजे 'नाय'. दवाखान्यात मी त्यांना बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले, आणि 'नाय' बाहेर पडल्यावर स्वतःच दचकले. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. दुसरं काय करणार होते?

महिन्याभराने त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. सुगंधावहिनी पार वाळून गेल्या होत्या. नाखवा मागच्या खोलीत खाटेवर, गुंगीत. समोर भिंत, भिंतीवर कालनिर्णय, शेजारी लोखंडी कपाट.

"काय सांगू, बाय," वहिनी म्हणाल्या. "रोज वरडतान. डोक्याकडं हात नेतान न् नाय नाय करून वरडतान. पानी देला त ढकलून देतान. डोका चेपला त हात झटकतान. डॉक्टरला सांगितला, लय वरडतान, डोका दुखतंय. त्यांनी झोपेची गोली दिली. आता तेवढा येल सोडला त झोपूनच असतान. निदान तरास त नाय." आणि पदर तोंडाला लावला.

मला काय झालं कोण जाणे. मी तिथे पाहुणी म्हणून गेले होते, पण माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, दवाखान्यातून आणल्या आणल्या ओरडत होते का?"

"नाय. तवा गुमान पडून असायचे. आठेक दिस बरे होते."

"मग त्यानंतर काय बदललं?"

"काय नाय, बाय. तीच पेज, तीच औशीदा."

"काहीच केलं नाही तुम्ही?"

"नाय गो. काय करनार?"

काहीच केलं नाही, साहेब. हातच लावला नाही. मला ती हळद लागलेली फट आठवली. मी म्हटलं, "वहिनी, वाईट नका सांगू. चांगलं काय केलं? त्यांच्या भल्यासाठी कुणी काही केलं?"

त्या विचारात पडल्या. "देवीचा अंगारा लावला. न् वन्स आल्या होत्या वसईवरून, तवा खाट फिरवली. घाईघाईन दखनेला पाय करून टाकली होती ना. वन्स बोलल्या, दखनेला पाय म्हंजे यमाचं दार. म्हनून डोका तिकरं केला, पाय हिकरं."

दक्षिणेच्या भिंतीत ती खिडकी होती. आता ती त्यांच्या डोक्यामागे होती.

"आणि ओरडतात कधी? रोज एकाच वेळेला?"

"नाय, येल ठरलेली नाय. रोज जरा जरा उशिरा सरकतंय. परवा जेवायच्या आदी, काल जेवताना, आज..." वहिनी बोलता बोलता थांबल्या. कोळ्याची लेक ती. पाण्याची वेळ रोज तशीच सरकते, हे तिला मी काय सांगणार? बाहेर कुठेतरी होडीच्या मशीनचा फटफट आवाज आत येत होता. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. "भरती," एवढंच म्हणाल्या.

आवाजाने नाखवा जागे झाले. डोळे गोळीने जड झालेले. डावा हात उचलून डोक्याकडे नेला, आणि डोक्याच्याही मागे, हवेत. "नाय! नाय! नाय!"

मी खाटेपाशी खाली बसले. एकेक विचारायचं, उत्तराला वेळ द्यायचा. त्यांनीच शिकवलेलं.

"साहेब, डोकं दुखतंय?"

"नाय!"

"पाणी हवंय?"

"नाय!"

"मागची खिडकी?"

हात हवेत तसाच राहिला, पण ओरडणं थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले. 'हो' म्हणायला त्यांच्याकडे शब्दच उरला नव्हता. गप्प होणं हेच त्यांचं 'हो' होतं, आणि महिनाभर त्यांना कुणी गप्प होण्याजोगा प्रश्नच विचारला नव्हता.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी त्यांना झोपवून ठेवला गो. खारी बघायची होती त्यांना, न् मी गोल्या देऊन झोपवून ठेवला." त्यांचं काय चुकलं होतं? दिसलं ते डॉक्टरला सांगितलं होतं. डॉक्टरनेही ऐकलं त्यावर औषध दिलं होतं. प्रत्येकाने चांगलंच केलं होतं, आणि एक जिवंत माणूस भिंतीकडे तोंड करून ओरडत राहिला होता. मला त्या घराचा, त्या भिंतीचा, जगाचाच संताप आला. पण संताप करून खाट फिरत नाही.

मी भीत भीत म्हटलं, "तुमच्या वन्स काय म्हणतील?"

वहिनी डोळे पुसून उठल्या आणि पदर खोचला. "दखनेला पाय त दखनेला पाय. यम आला त मी बघून घेन त्याला." आम्ही दोघींनी मिळून खाट ओढली. खाटेचे पाय फरशीवर करकरले. उशा लावून त्यांना अर्धवट बसतं केलं आणि वहिनींनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. शेवटचे दिवस गोळीशिवाय गेले, असं वहिनींनी नंतर सांगितलं. ओरडले म्हणून नाहीत. एका पहाटे, पाणी उतरत असताना, गेले. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि मला ते तसे बघायचे नव्हते, म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन त्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिले.

माझ्याकडे त्यांचं शेवटचं आहे ते त्या दुपारचंच. खिडकीत भरतीचं पाणी वर चढलेलं, एक होडी काठाला लागत होती, कुणीतरी दोर फेकत होतं. नाखवांचे डोळे त्या होडीवर खिळले होते. मी खाटेच्या कडेला उभी राहिले. हात आपोआप पाठीमागे गेले.

"साहेब," मी विचारलं, "काल दिसत होतं का?"

"नाय."

"आणि आज? आज दिसतंय ना पाणी?"

ते गप्प राहिले.